एक गातो, एक खाते; आणि दोघं निघाले भाऊबंद!

सुरुवातीलाच एक प्रश्न. पाल, मगर आणि कावळा. या तिघांतली जवळच्या नात्यातली जोडी कोणती?

‘पाल आणि मगर’ म्हणालात? क्लीन बोल्ड! मगरीचं जवळचं नातं कावळ्याशी आहे. चिमणीशी आहे. आणि तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीवर शेपटी ताठ करून ओरडणाऱ्या त्या एवढ्याशा शिंपी पक्ष्याशीही आहे. आज पृथ्वीवर जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरींच्या कुळाला सगळ्यांत जवळचे कोण, तर पक्षी. पाल बिचारी पत्रिका पाठवली काय, न पाठवली काय, इतक्या लांबच्या नात्यातली.

तर मंडळी, आजचा सामना घरातल्या घरातच आहे. एका बाजूला आपली मगर: कृष्णेत, सावित्रीत, वाशिष्ठीत राहणारी. दुसऱ्या बाजूला शिंपी: बागेत, कुंपणावर, थेट तुमच्या खिडकीत राहणारा. टॉस उडवूया?

टॉससाठी नाणं घ्या दहा रुपयांचं. तळहातावर ठेवा. वजन जाणवलं? झालं, एक शिंपी पक्षी साधारण एवढाच भरतो! सहा ते दहा ग्रॅम, बस्स.

आणि मगर? चांगली वाढलेली नर मगर चार मीटरपर्यंत लांब होते आणि वजनाचा काटा तीनशे किलोच्या आसपास नेते. हिशेब करा. आठ ग्रॅमचा एक शिंपी धरला, तर एका मगरीला तोलायला तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ३७,५०० शिंपी बसवावे लागतील. सगळे एकदम गायला लागले तर कानांचं काय होईल, ते वेगळंच.

अहो, मोठी मगर राहू द्या. मगरीचं नुसतं एक अंडंसुद्धा डझनभर शिंप्यांना भारी पडतं!

आता जरा सावरून बसा. माहीत आहे का, या दोघांतला डायनासोर कोण आहे?

मगर नाही. शिंपी!

खरंच. साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वी एक मोठं कुळ दोन शाखांत फुटलं. एका शाखेतून मगरी आल्या. दुसऱ्या शाखेतून डायनासोर आले आणि डायनासोरांच्याच एका फांदीतून पुढे पक्षी. म्हणजे आजचे सगळे पक्षी हे डायनासोरांचे थेट वारसदार. शास्त्रज्ञ तर त्यांना सरळ डायनासोरांतच मोजतात. काटेरी पाठीची, जबडा वासून पडलेली मगर मात्र डायनासोर नव्हे, त्यांची चुलत बहीण. सिनेमावाल्यांनी कास्टिंग किती चुकवलं बघा. टी-रेक्सचा खरा भाऊबंद तुमच्या जास्वंदीवर किडे टिपतोय आणि तुम्ही तिकीट काढून रबरी राक्षस बघताय.

घराण्याच्या खुणा पटत नाहीत? मग या जोडीचं ‘फुल बॉडी चेकअप’ करूया.

हृदय. पाल, साप, कासव यांच्या हृदयाचे कप्पे तीन. मगरीच्या हृदयाचे चार, शिंप्याच्याही चार. वर मगरीकडे एक एक्स्ट्रा फीचर: पाण्याखाली बुडी मारली की फुप्फुसाकडे जाणारं रक्त ती दुसऱ्या वाटेनं वळवू शकते. बायपास सर्जरी न करता बायपास!

फुप्फुस. आपण श्वास आत घेतो आणि आल्या वाटेनं बाहेर सोडतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांत हवा एकाच दिशेनं वाहते, पक्का वन-वे. ही खासियत पक्ष्यांचीच, असं समजलं जायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अॅलिगेटर मगरींची फुप्फुसं तपासली, तर तिथंही वन-वे! पुढे घोरपडीच्या भाईबंदांतही तोच प्रकार सापडला. म्हणजे ही ट्रॅफिक व्यवस्था आपल्या समजुतीपेक्षा बरीच जुनी निघाली, आणि आपल्या शहरांतल्यापेक्षा बरीच शिस्तीची.

पोट. पक्ष्यांना दात नाहीत, म्हणून पोटात दळण दळणारी एक जाड स्नायूंची पिशवी असते. मगरीला तोंडभर दात आहेत, तरी तिच्याही पोटात तशीच पिशवी. आणि आत चक्क दगडगोटे!

डोळा. दोघांनाही तिसरी पापणी. अर्धपारदर्शक, आडवी सरकणारी. गॉगल जन्मतःच फिट करून मिळतो.

घाम? दोघांनाही येत नाही. उन्हात मगर आ वासून पडलेली दिसली की आपल्याला वाटतं, ती कुणाला तरी खायला टपली आहे. बहुतेक वेळा ती नुसती स्वतःला थंड करत असते. उन्हाळ्यात शिंपीही चोच उघडी टाकून धापा टाकतो. पण त्याच्या फोटोला कुणी ‘खतरनाक’ असं कॅप्शन देत नाही.

आणि दात? ही गंमत तर ऐकाच. पक्ष्यांच्या पूर्वजांचे दात दहा कोटी वर्षांहून आधी गेले. गेले ते कायमचे, असं सगळे धरून चालले होते. पण २००६ मध्ये शास्त्रज्ञांना एका विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या कोंबडीच्या भ्रूणात दातांची सुरुवात दिसली. आणि ते दात कुणासारखे होते? सुळकेदार, थेट मगरीच्या पिल्लासारखे! म्हणजे दात बनवण्याची कृती कोंबडीच्या वहीत अजून लिहिलेली आहे, फक्त ते पान कुणी उघडत नाही. (चिकन सिक्स्टी-फाइव्ह खाताना हे आठवलं तर आमचा नाइलाज आहे.)

शिलाई मोफत, फिटिंग गॅरंटीड

आता शिंप्याच्या दुकानात शिरूया. इथं थोडं रेंगाळणं भाग आहे, कारण माल बघण्यासारखा आहे.

हा पक्षी खरंच शिवतो. शिवल्यासारखं करत नाही, शिवतो. आधी एक मोठं, मजबूत पान पसंत करायचं. एक पुरत नसेल तर शेजारची दोन-तीन. मग अणकुचीदार चोचीनं पानाच्या कडेला बारीक बारीक भोकं पाडायची. मग धागा. धागा कुठून आणायचा? कोळ्याचं जाळं आहे, किड्यांच्या कोशांचं रेशीम आहे, झाडाचे तंतू आहेत, कापूस आहे. तो धागा एका भोकातून घालून दुसऱ्या कडेच्या भोकातून ओढायचा, की पानाची गुंडाळी होऊन झकास खिसा तयार. खिशात मऊ अस्तर. झाला बंगला!

पण माहीत आहे का, हा शिंपी गाठ मारत नाही? भोकातून बाहेर आलेलं धाग्याचं टोक विस्कटतं, फुलतं आणि तिथंच अडकून बसतं. मागे सरकायची सोयच नाही. म्हणजे इंजिनिअरच्या भाषेत बोलायचं तर हा टाका कमी आणि रिव्हेट जास्त. दुकानाच्या पाटीवर ‘टेलर’ असलं तरी आतला कारागीर हुकमी फॅब्रिकेटर आहे.

आणखी ऐका. भोकं इतकी बारीक असतात की पान वाळत नाही. हिरवंगार, जिवंत पानच घराची भिंत. शिवाय पान वळवताना त्याची वरची, गडद बाजू बाहेर राहील अशी काळजी. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला दिसतं फक्त आणखी एक पान. घर डोळ्यांसमोर असून दिसत नाही! तुम्ही रोज पाणी घालता त्या कुंडीत हा संसार थाटतो, पिल्लं उडवून लावतो आणि तुम्हाला सुगावा लागतो तो पान गळून पडल्यावर. सोसायटीच्या सीसीटीव्हीलाही पत्ता नसतो.

या कारागिराला साहित्यातही जागा मिळाली आहे. रुडयार्ड किपलिंगनं १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये मुंगसाच्या गोष्टीत एका शिंपी पक्ष्याला भूमिका दिली, नाव ठेवलं ‘दर्जी’. किपलिंग जन्मानं मुंबईकर, तेव्हा हा पक्षी त्याच्या घरच्या ओळखीचा असणार. गोष्टीतला दर्जी मात्र भलताच उथळ. वेळकाळ न बघता गाणी गात सुटतो. अक्कल सगळी त्याच्या बायकोला. आम्ही यावर काहीही बोलणार नाही.

कोकिळा आउट, कावळा इन

‘गाणारा पक्षी’ म्हटलं की तुमच्या मनात पहिलं नाव कुणाचं येतं? कोकिळेचं ना?

सॉरी! पक्षीशास्त्राच्या यादीत गाणाऱ्या पक्ष्यांचा एक खास गट आहे आणि कोकिळेला त्यात एंट्री नाही. तिचं कुळच वेगळं. उलट त्या गटात सन्मानानं बसलेला आहे कावळा! हो, तोच. गॅलरीच्या कठड्यावर बसून ‘काव काव’ करणारा. गळ्यातल्या यंत्राची रचना बघून मेंबरशिप मिळते, मैफल गाजवून नाही. जगातल्या पक्ष्यांच्या जवळपास निम्म्या जाती या गटात येतात. आपला शिंपी अर्थातच पक्का मेंबर.

जाता जाता एक चहाडी: कोकिळेच्या कुळातले काही छोटे पक्षी शिंप्याच्याच घरात गुपचूप अंडं घालून पसार होतात. शिवणार हा, राहणार तो. भाडेकरार नाही, डिपॉझिट नाही.

बरं, हे गळ्यातलं यंत्र कुठं असतं? आपला आवाज घशातल्या स्वरयंत्रातून येतो. मगरीचाही तसाच. पक्ष्यांनी मात्र स्वतःचं वेगळं वाद्य बसवून घेतलं, आणि तेही श्वासनळीच्या तळाशी, जिथं तिच्या दोन वाटा फुटतात तिथं. त्यामुळे गाणारे पक्षी डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी वाजवू शकतात. एकाच गळ्यातून जुगलबंदी!

शिंप्याच्या बाबतीत मैफल जरा एकसुरी असते, हे मान्य करायला हवं. ‘टुवीट टुवीट टुवीट टुवीट’. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. दहा ग्रॅमच्या आतबाहेरचा हा जीव तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाची दुपारची झोप मोडतो. ओरडताना त्याच्या मानेवर एक काळसर पट्टा चमकून जातो, कारण पिसं ताणली की खालची काळी कातडी दिसते. पुढच्या वेळी झोपमोड झालीच, तर निदान तो पट्टा तरी बघून घ्या.

मगर गात नाही, पण मुकीही नाही. ती जबडा पाण्यावर थाडकन आपटून आपली हद्द जाहीर करते. आणि तिच्या कुळातले अॅलिगेटर तर इतका खालचा सूर लावतात की तो माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. फक्त त्यांच्या पाठीवरचं पाणी थरथरत नाचू लागतं. सबवूफर आणि लाइट शो, एकाच तिकिटात.

पिल्लांची गोष्ट याहून भारी. मगरीची पिल्लं अंड्यात असतानाच आवाज देऊ लागतात. तो ऐकला की आई येऊन वाळू उकरते, पिल्लांना जबड्यात घेते आणि पाण्यापर्यंत पोचवते. हाडं फोडणारा जबडा, पण पिल्लाला ओरखडा नाही! एखादं अंडं फुटत नसेल तर जीभ आणि टाळू यांच्यात धरून ते हलकेच चेपून देते. तिच्या जबड्यावर ते बारीक काळे ठिपके दिसतात ना, ते स्पर्शाचे अवयव आहेत आणि त्यांची संवेदना आपल्या बोटांच्या टोकांनाही मागे टाकते.

आणि बाबा? माहीत आहे का, मगरींत बाबाही ड्युटीवर येतात? चेन्नईजवळच्या ‘मद्रास क्रोकोडाइल बँके’त नर मगरीनं घरटं उकरून पिल्लांना पाण्यात नेल्याची नोंद १९८० च्या दशकातच झाली आहे. (बँक म्हणजे खरीखुरी हं. १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर आणि झाई व्हिटेकर यांनी सुरू केलेली. लॉकरमध्ये हात घालू नका, एवढंच.) शिंप्यांतही आईबाबा दोघं मिळून पिल्लांना भरवतात. पॅटर्निटी लीव्हवरचा वाद या घराण्यानं केव्हाच मिटवलेला दिसतो.

दोघांच्याही पिल्लांच्या नाकाच्या टोकाशी अंडं फोडायला एक तात्पुरती टोकदार गाठ असते. काम झालं की ती नाहीशी होते. यूज अँड थ्रो!

फरक कुठं आहे सांगू? मुलगा की मुलगी, या प्रश्नात. शिंप्याचं उत्तर गुणसूत्रांत असतं, आणि पक्ष्यांत निकाल आईकडून लागतो. मगरीकडे त्यासाठीची गुणसूत्रंच नाहीत. तिथं निकाल लावतो थर्मामीटर! वाळूतल्या अंड्यांचं तापमान २८ ते ३१ अंश सेल्सिअस राहिलं, तर सगळ्या मुली. साडेबत्तीसच्या आसपास, तर मुलगे. त्याहून तापलं, तर पुन्हा मुलींचं पारडं जड होऊ लागतं. दीड अंशात अख्ख्या वर्गाचा पट बदलतो.

वेळेचा हिशेबही बघा. शिंप्याची तीन-चार अंडी, बारा दिवसांच्या आसपास उबवणी, आणखी दोन आठवड्यांत पिल्लं भुर्रर्र. मगरीची पंचवीस-तीस अंडी आणि साधारण दोन महिन्यांची प्रतीक्षा. एकीकडे टी-ट्वेंटी, दुसरीकडे टेस्ट मॅच.

महाडच्या मगरींना झेंडू लागतो

आता आमच्या पोतडीतला हुकमाचा एक्का. तो आहे रायगड जिल्ह्यातला.

महाडला सावित्री नदीत मगरी आहेत. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या अभ्यासकांनी त्यांचं वागणं टिपून २०२३ मध्ये एका विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केलं. वाचताना तीनदा डोळे चोळावे लागतात.

पहिली गोष्ट: झेंडू. लोकांनी नदीत सोडलेली झेंडूची फुलं जिथं तरंगत असतात, तिथं मगरी मुद्दाम येऊन पडतात. पाकळ्या अंगाला लागतील अशा. खायला नाही, नुसत्या लोळायला! अभ्यासकांचा अंदाज असा की झेंडूत जंतूंना मारक द्रव्यं असतात आणि सांडपाणी मिसळलेल्या नदीत त्यांचा कातडीला उपयोग होत असावा. म्हणजे कदाचित स्पा ट्रीटमेंट. पूजेला बसल्यासारखी मगर एकदा डोळ्यांसमोर आणून बघा.

दुसरी गोष्ट: कुत्रा. भटक्या कुत्र्यांच्या टोळीनं पाठलाग केलेलं एक तरुण कुत्रं जीव वाचवायला नदीत शिरलं. जवळच तीन मोठ्या मगरी तरंगत होत्या. आता काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मगरी जवळ आल्या, आणि त्यांनी त्या कुत्र्याला नाकानं ढकलत ढकलत सुरक्षित काठाकडे नेलं! त्यांना सहज खाता आलं असतं. खाल्लं नाही. पोट भरलेलं असेल म्हणा, की आणखी काही म्हणा. अभ्यासकांनी मगरींना भावना असण्याची शक्यता बोलून दाखवली आहे. आम्ही मात्र पोहण्याचा बेत तूर्तास रद्दच ठेवलाय.

कारण तिसरी गोष्ट: मगरी सापळाही लावतात. विणीच्या हंगामात बगळे घरट्यासाठी काड्या शोधत फिरतात. नेमक्या त्याच दिवसांत बगळ्यांच्या वस्तीजवळ नाकावर काड्या तोलून, हूं की चूं न करता पडून राहणाऱ्या मगरी इतर अभ्यासकांनी पाहिल्या आहेत: मद्रासच्या बँकेत आपल्या मगरी, अमेरिकेत लुइझियानात अॅलिगेटर. बगळा काडी उचलायला आला, की खेळ खल्लास. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘हत्यार वापरणारी मगर’ अशी हेडलाइन जगभर गाजली. यात बेत किती आणि योगायोग किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. शिंप्याला या वादात रस नाही. त्याचं मटेरियल काडी नाही, पान आणि धागा. मगरीला त्याला फसवायचं असेल तर नाकावर सुई-दोरा घेऊन बसावं लागेल!

चिपळूणकरांना हे सगळं वाचून नवल वाटणार नाही. वाशिष्ठीत मगरी बघायला पर्यटक होडीतून जातात, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तर एक मगर स्वतःच शहर बघायला भर रस्त्यावर आली होती. व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असणार. सांगलीकडे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मोटर सुरू करायला जाताना आधी पाण्याकडे बघावं लागतं. गायकवाडांच्या बडोद्यात तर विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. पूर आला की त्या कॉलन्यांत शिरतात. तिथले मराठी लोक पाऊस मोजताना इंच आणि मगरी दोन्ही मोजत असतील.

गोव्यात मामला आणखी निराळा. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. नाव ‘मांगे थापणी’. खाडीकाठची खाजन शेती आणि तिथं राबणारी माणसं सांभाळ, असं त्या मगरीला साकडं. एकाच वेळी शेजारीण, राखणदार आणि देवता!

आणि केरळातली बाबिया? कासरगोडजवळच्या अनंतपूर मंदिराच्या तळ्यातली ही मगर भाताच्या प्रसादासाठी प्रसिद्ध होती. ‘शाकाहारी मगर’ म्हणून भक्तांची रीघ लागायची. २०२२ मध्ये ती गेली तेव्हा अंत्यदर्शनाला गर्दी झाली. तळ्यातल्या माशांचं मत मात्र कुणी विचारलं नव्हतं.

फटाफट राउंड!

मगरीचा जबडा मिटतो तेव्हा प्रचंड ताकदीनं मिटतो, पण उघडणारे स्नायू इतके कमजोर की वनखात्याची माणसं तो चिकटपट्टीनं बांधून ठेवतात.

मगरीला जीभ बाहेर काढून दाखवता येत नाही. ती खालच्या जबड्याला चिकटलेली असते. वेडावण्याची स्पर्धा शिंप्यानं बिनविरोध जिंकली.

मगरीच्या कुळातले प्राणी खाताना खरंच डोळ्यांतून पाणी काढतात! २००७ मध्ये अमेरिकेत अॅलिगेटर आणि केमन मगरींना जेवताना शूट केलं, तेव्हा सातांपैकी पाचांचे डोळे पाणावले. दुःखानं नव्हे, खाताना होणाऱ्या फुसफुशीनं हवा दाबली जाऊन ते होत असावं. पुढाऱ्यांचं मात्र अजून कुणी शूट केलेलं नाही.

मगरी एक डोळा उघडा ठेवून पडू शकतात. पक्षीही. समोर माणूस आला, की ऑस्ट्रेलियातल्या तरुण मगरींचा उघडा डोळा त्याच्यावरच रोखलेला असायचा, असं २०१५ च्या अभ्यासात दिसलं. ऑनलाइन मीटिंगसाठी ही विद्या शिकवणारा क्लास कुठं आहे का?

मगरीच्या डोक्यावरचे खवले जन्मतः ठरलेल्या नकाशानुसार उगवत नाहीत. नाइल मगरींच्या भ्रूणांत वाढत्या हाडांवर कातडी ताणली जाऊन तिला अक्षरशः भेगा पडतात, हे २०१३ मध्ये समजलं. त्यामुळे डाव्या गालाची नक्षी उजव्या गालाशी जुळत नाही.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून गेला की नाइलच्या मगरी तोंड उघडून बसतात आणि एक छोटा पक्षी आत जाऊन साफसफाई करतो. शाळेच्या पुस्तकांपासून व्हॉट्सअॅपपर्यंत ही गोष्ट पोचली. फक्त विश्वासार्ह पुरावा तेवढा आजतागायत पोचलेला नाही! डेंटिस्टची अपॉइंटमेंट अजून वेटिंगवर.

आकाराचा विक्रम? फिलिपिन्समध्ये २०११ साली पकडलेला ‘लोलाँग’. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या जातीचा. लांबी ६.१७ मीटर, वजन १,०७५ किलो. आपल्या नदीतली मगर त्याच्यापुढे धाकटी वहिनी.

लपण्याचा विक्रम? तो शिंप्याच्या घराण्यात. २०१३ मध्ये शास्त्राला एक नवी जात मिळाली, कंबोडियन शिंपी. कुठल्या घनदाट जंगलात? छे! कंबोडियाच्या राजधानीत, नॉमपेन्ह शहराच्या हद्दीत. लाखो लोकांच्या नाकाखाली बसून गात होता आणि कुणाच्या यादीत नव्हता.

आणि आता आमचा सर्वांत लाडका किस्सा. मगरीच्या कुळातल्या प्राण्यांच्या आवाजावरून त्यांचा आकार समजतो का, हे शास्त्रज्ञांना तपासायचं होतं. त्यासाठी घशातल्या हवेचा पोत बदलून बघायचा होता. मग त्यांनी काय केलं, माहीत आहे का? एका चिनी अॅलिगेटर मादीला हवाबंद टाकीत ठेवलं, आत हेलियम मिसळलेली हवा सोडली आणि तिला ओरडायला लावलं! वाढदिवसाच्या फुग्यातला गॅस घेऊन आपण चिरक्या आवाजात बोलतो, तोच प्रयोग, फक्त उमेदवार दातवाली. आवाजातल्या काही लहरी खरोखरच वर सरकल्या आणि शास्त्रज्ञांना हवं ते उत्तर मिळालं: मगरीचा घसा आवाजाला तसाच आकार देतो, जसा आपला आणि पक्ष्यांचा.

या कामगिरीला २०२० चा ‘इग नोबेल’ मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. रोख रक्कम दहा लाख कोटी डॉलर! झिम्बाब्वेचे, चलनातून बाद झालेले. वाटणी पाच जणांत. अॅलिगेटरबाईंना मानधन मिळाल्याचं ऐकिवात नाही.

शिंप्याला हेलियम द्यायच्या भानगडीत अजून कुणी पडलेलं नाही. त्याचा आवाज आहे तसाच पुरेसा वर लागतो, आणि दुपारी दोन वाजता तर विशेषच.